बंद दिवसाचं शून्य

१४ फेब्रुवारी १९९७

काकांनी आज भर सौद्यात माझं तोंड बंद केलं. हळदीचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, तर मलाही घालू द्या की हात, एवढंच म्हटलं होतं. "चंदना, परक्या पुरुषांच्या हातात हात देणार? शांतिनाथच्या पेढीत हे न्हाई चालायचं." काका आणि सगळे व्यापारी हसले. अण्णा असते तर! माझ्या वडिलांच्या गादीवर आता काकांचा मुलगा अतिशय बसतो. त्याला राजापुरी हळद कुठली आणि सेलम कुठली तेही कळत नाही.

रुमालाशिवाय भाव ओळखून दाखवते. रडवते एकेकाला.

२० फेब्रुवारी

अवधूतसरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये भावांचे आलेख काढायचं सॉफ्टवेअर आहे. त्यात घ्यायचं की विकायचं ते सांगणारा आपला स्वतःचा इंडिकेटर लिहिता येतो! सर म्हणाले, सांगलीत अजून कुणी लिहिल्याचं ऐकलं नाही. मग मी लिहीन.

३ मार्च

सूत्र जमेना. एक कंस कमी पडला तरी मशीन हटून बसतं. करायचं एवढंच — दहा दिवसांची सरासरी. भाव तिच्या वर गेला की हिरवा बाण, घ्या. खाली आला की लाल बाण, विका. चुकलं की काकांचं ते हसू आठवते आणि परत लिहायला घेते.

९ मार्च

लाल बाणच बाण! डोकं फिरायची वेळ आली. मग सापडलं. सौदे बंद असतील त्या दिवशी मी भावाच्या जागी शून्य भरलं होतं. बाजार बंद आहे हे मशीनला काय माहीत — त्याला वाटलं हळद फुकट झाली! बंद दिवस गाळायची एक ओळ घातली. मागचे दोन हंगाम चालवून पाहिले. बरोब्बर!!

१६ मार्च

अतिशय आला होता. बाबांनी तुझा प्रोग्रॅम मागितलाय, पेढीतल्या कॉम्प्युटरवर टाकायचाय म्हणाला. वा रे वा! चारचौघांत हसायचं आणि मागच्या दारानं फ्लॉपी मागायची.

दिली. जुनी दिली, चुकीची. बाजार बंद असला की काय भरायचं, त्यानं विचारलं. शून्य भर म्हटलं.

२ एप्रिल

हमालांचा संप. सौदे बेमुदत बंद. पेढीत लाल बाणांची रांग लागली असेल. आज जेवण गोड लागलं.

७ एप्रिल

काकांनी हरिपूरचं पेव फोडलं! जमिनीखाली वर्षभर जपलेली सगळी हळद संपातच बाहेरच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळे झाले. माझ्याकडे बाण हिरवाच आहे. हसा आता, खदाखदा हसा.

१५ एप्रिल

संप मिटला, भाव भडकला. अख्खा बाजार काकांना हसतोय म्हणे. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले, पण देवाकडं मागायला काही उरलंच नव्हतं.

१६ एप्रिल

विजयमालाकाकू आल्या होत्या. व्यापाऱ्यांनी घेरलं तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "आमच्या चंदनाचं गणित बरोबरच हाय. बाजार फिरला, त्याला पोर काय करणार?" गणित कळणारंच माणूस हवं म्हणून अतिशयला गादीवरून उठवलंय. काकूंनी पेढीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. उद्यापासून अण्णांच्या जागेवर मी बसायचं.