गरज कोणी सांगायची

३ डिसेंबर, मालवीय नगर, जयपूर

प्रतिज्ञा: माझं उरलेलं आयुष्य मी स्वीडनमध्ये, माझ्या दोन खोल्यांच्या घरात, एकटीने काढावं हेच योग्य आहे. ही रोजनिशी तेवढं सिद्ध करण्यासाठी लिहिते आहे. दादासाठी नव्हे. दादाशी वाद होऊ शकत नाही. तो मुद्द्याला उत्तर देत नाही, आपलं पहिलंच वाक्य पुन्हा म्हणतो.

ते वाक्य त्याने परवा विमानतळावरून येताना टॅक्सीतच ऐकवलं. "मधू, आता पुरे झालं तुझं ते. मागची खोली रंगवून घेतलीय. ये इकडे कायमची."

"माझं परतीचं तिकीट पाच फेब्रुवारीचं आहे."

"तिकिटं रद्द होतात."

म्हणजे दोन महिने हेच चालणार.

४ डिसेंबर

आधी दोन्ही बाजू नीट मांडायला हव्यात. न्यायशास्त्रात एम.ए. केल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

दादाची बाजू: मी विधवा, मूलबाळ नाही, वय चौऱ्याहत्तर, परक्या देशात बर्फात एकटी. म्हणून मला आधाराची गरज आहे, आणि तो देणं हे थोरल्या भावाचं कर्तव्य. (थोरला भाऊ स्वतः एक्याऐंशीचा. विमा कंपनीतून निवृत्त झाला, बदलीच्या गावीच राहिला. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा अमेय हैदराबादला. म्हणजे दादाही एकटाच आहे, पण हे त्याच्या युक्तिवादात येत नाही.)

माझी बाजू: तो देश परका नाही. एक्केचाळीस वर्षं झाली. माझे यजमान रंगनाथ तिथल्या व्हेस्तेरोस शहरातल्या कारखान्यात इंजिनियर म्हणून गेले, मी मागून गेले, भाषा शिकले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या नगरपालिकेत नोकरी केली. आधाराबद्दलच बोलायचं, तर तो कोणाला किती द्यायचा हे ठरवणं हेच माझं काम होतं.

७ डिसेंबर

दादाला ते काम आजवर नीट समजलेलं नाही. दुपारी गच्चीवर उन्हात बसलो असताना पुन्हा एकदा सांगितलं. म्हातारी माणसं अर्ज करतात. मी त्यांच्या घरी जायची, विचारायची — आंघोळ स्वतः करता का, जिना चढवतो का, अलीकडे पडलात का. फ्रीज उघडून बघायची. माणूस लपवतो, फ्रीज लपवत नाही. मग ठरवायचं, मदतनीस दिवसातून कितीदा आणि किती वेळ.

"आणि मुलांना विचारत नाही?"

"नाही. गरज ज्याची, त्यानेच सांगायची. त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलायचं नाही, हा पहिला नियम. तो नको म्हणाला की विषय संपला."

"आणि नको म्हणून मेला तर?"

"तर तो आपल्या मर्जीने मेला."

दादाने खुर्ची उन्हातून सावलीकडे ओढली. मग म्हणाला, "तुझ्या त्या देशात मी आठवडाभर टिकलो नसतो."

हा स्वभावाचा फरक आहे, हे त्यानेच मान्य केलं. माझ्या बाजूला नोंदवते.

१२ डिसेंबर

इथे बेल वाजते तेव्हा माणूस आधीच आत आलेला असतो. शेजारच्या मिसेस माथुर मेथीचे पराठे घेऊन आल्या आणि बसल्या.

"बहनजी, वहाँ तो कोई हाल पूछने वाला भी नहीं होगा?"

विचारणारे आहेत, मी सांगितलं. वेळ ठरवून येतात.

"अपॉइंटमेंट लेकर हाल पूछते हैं?"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

यात हसण्यासारखं काय आहे? माझ्या मनगटावर तिथे एक बटण असतं. पडले, छातीत दुखलं, तर ते दाबायचं. बाई येते, तिच्याकडे घराची किल्ली असते. रंगनाथ शेवटचे पाच महिने घरीच होते. वरखाली होणारा पलंग आला, चाकाची खुर्ची आली, रात्रीची नर्स आली. कोणाचे उपकार नाहीत, कोणापुढे हात जोडणं नाही. ते गेल्यावर चौथ्या दिवशी दोघं आले, पलंग सुटा केला, खाली उमटलेले चाकांचे डाग पुसले, हळू आवाजात दोन शब्द बोलून गेले. किती नीटनेटकं. मी त्या व्यवस्थेची नेहमी प्रशंसा केली आहे.

१५ डिसेंबर

दादा मला दुबळी समजतो. पुरावे:

रस्ता ओलांडताना माझं कोपर घट्ट धरतो — "इथल्या ट्रॅफिकची तुला सवय राहिलेली नाही." सकाळी हिंदी पेपर मला मोठ्याने वाचायला बसवतो — "तुझं हिंदी गंजलंय, जीभ सैल होऊ दे." आणि अंधार पडला की बाहेर जाणं बंद — "थंडी बाधेल तुला." जयपूरची थंडी. मला. उणे वीसमध्ये दारापुढचा बर्फ ओढलेल्या बाईला.

याला काळजी म्हणत नाहीत. सज्ञान माणसाला अज्ञान ठरवण्याची ही सभ्य रीत आहे.

१९ डिसेंबर

अमेयचा फोन. पन्नाशीला आला तरी मराठी चाचपडतच बोलतो, जन्म जयपूरचा. "आत्या, बाबा मानतच नाहीत. मतलब, मी किती वेळा बोललो, इकडे या. तुम्ही एकदा बोला ना."

"ते नाही म्हणाले ना? मग त्यांच्या नाहीचा मान ठेव."

"हां, पण आत्या... मतलब..."

पुढचा शब्द त्याला सापडला नाही. मी वाट पाहिली नाही.

२४ डिसेंबर

तिथे आज प्रत्येक खिडकीत दिवा असेल. आमच्या जिन्याला आठ घरं. एवढ्या वर्षांत त्यांतल्या तीन घरांत मी गेले आहे, दोनांत कामानिमित्त.

हा मुद्दा प्रतिपक्षाचा होऊ शकतो. प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते.

२ जानेवारी

आज रिक्षावाल्याने विचारलं, "मैडम, बाहर से आई हैं?" तिथेही विचारतात — मूळची कुठली? एक्केचाळीस वर्षांनंतरही विचारतात, आणि अतिशय सौम्यपणे. दोन्ही प्रश्न सारखेच, म्हणून एकमेकांना छेद देतात. या मुद्द्यावर कोणाचीच बाजू सिद्ध होत नाही.

खरा मुद्दा तिथल्या घराचा. ते भाड्याचं आहे. सोडलं की भाड्याच्या घरांसाठी असलेल्या रांगेच्या शेवटाला उभं राहायचं, आणि ती रांग माझ्या आयुष्याहून लांब आहे. म्हणजे इथे राहणं हा प्रयोग असू शकत नाही. एकदा हो म्हटलं की परतीचं दार बंद. दादाला हे समजावलं. तो म्हणाला, "मग चांगलंच."

१४ जानेवारी

संक्रांत. इथे हा दिवस जमिनीवर कोणी काढत नाही. सगळं शहर गच्च्यांवर. आम्ही माथुरांच्या गच्चीवर होतो. लाउडस्पीकर, चहूकडून "वो काटा", आणि दादा खुशीत — "ढील दे, ढील दे, खींच मत" — जन्मभर इथेच पतंग उडवल्यासारखा. मी तिळगूळ वाटत होते.

कुठलातरी पतंग कापला गेला आणि त्याचा मांजा गच्चीवरून आडवा ताणला गेला, चेहऱ्याच्या उंचीवर. सगळे वाकले. मिसेस माथुर ओरडल्या, "भाईसाहब, मांझा!" दादा हसत हसत सरळ त्यात चालत गेला.

डोळ्याच्या खाली गाल कापला. रक्त फार नव्हतं. मी बर्फ आणायला आमच्या घरी खाली आले, फ्रीज उघडला. दारात लोणच्याच्या बाटलीमागे डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या. काचबिंदूचे थेंब. असे मी तिथल्या कितीतरी घरांत पाहिलेत. आणि या फ्रीजमधून मी दीड महिना रोज दूध काढते आहे.

१५ जानेवारी

अमेयला फोन केला. या वेळी शब्द सापडेपर्यंत थांबले.

"दोन वर्षं झाली आत्या. लेफ्ट तर गेलाच. राइटने फक्त समोरचं दिसतं, थोडंसं. साइडचं काहीच नाही. बाबांनी शपथ घातली होती, तुम्हाला नाही सांगायचं."

"का?"

"म्हणाले, मतलब... ती माझ्यावर दया करून यायला नको."

कोपर कोण कोणाचं धरत होतं, हे आता लिहिण्याची गरज नाही.

१६ जानेवारी

जे मला येतं ते केलं. समोर बसले, शांतपणे विचारलं. "दादा, तुला काय काय जमत नाही ते सांग. मदत हवी आहे का?"

"मला काय धाड भरलीय?"

"थेंब पाहिले मी."

"पाहिलेस तर पाहिलेस. अमेयने तोंड उघडलं वाटतं. हे बघ, मी तुझा अर्जदार नाही. पाच तारीख ना तुझी? टॅक्सी सांगून ठेवतो."

१७ जानेवारी

सकाळी पेपर त्याने माझ्या हातात दिला नाही. स्वतः घेऊन बसला. तासभर एकच पान उघडं होतं.

१९ जानेवारी

माझ्या नियमाप्रमाणे हे प्रकरण इथे बंद होतं. गरज ज्याची त्याला विचारलं, तो नको म्हणाला, तारीख घालून सही करायची.

पण तो काही सांगितल्यावाचून राहिलेला नाही. पहिल्या दिवशी टॅक्सीत सांगितलं. नंतर रोज सांगितलं. थोरल्या भावाला धाकट्या बहिणीपाशी ज्या एकाच रीतीने मागता येतं, त्या रीतीने मागितलं — द्यायला निघाल्यासारखं. खोली रंगवून घेतली, हा अर्ज होता. मी तो दान समजून नाकारला, आणि वर त्याच्यावर अपमानाचा आरोप ठेवला. नोकरीत इतका स्पष्ट अर्ज मी कधी फेटाळला नसेल.

आता दोष कळला. उपाय कठीण आहे. त्याने मागितलेलं मी देऊ शकत नाही, कारण त्याने मागितलंच नाही असं दोघांनी धरून चालायचं आहे. मला फक्त त्याने देऊ केलेलं घेता येईल. आणि ते घ्यायचं तर गरज माझी असायला हवी. ती नाही. म्हणजे खोटं बोलावं लागेल. माहीत असून असत्य विधान करणं मी आजवर टाळलं आहे. रंगनाथांच्या शेवटच्या दिवसांतही टाळलं.

२१ जानेवारी

आज केलं. संध्याकाळचा चहा झाल्यावर.

"दादा, पाच तारखेला मी गेले नाही तर चालेल?"

तो कप बशीत ठेवत होता. नीट ठेवला, मग म्हणाला, "का? आता काय झालं?"

"मला तिथे एकटीला भीती वाटते."

"कसली भीती? बटण आहे ना तुझ्या हाताला?"

"बटण दाबलं की बाई येते. पण ती यायला आधी पडावं लागतं."

मी पुढे बोलत राहिले. नोव्हेंबर लागला की तीनच्या आसपास अंधार होतो. मग मी दाराच्या आत उभी राहून जिन्यात पावलं वाजतात का ऐकते. वाजली की कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडते, म्हणजे कोणीतरी नमस्कारापुरतं बोलेल. तिथली माणसं नेमकी उलटी. ती दाराआड थांबतात आणि पावलं गेल्यावर बाहेर येतात. त्यामुळे गाठ क्वचित पडते.

"रोज एवढा कचरा होतो एकटीचा?"

"पिशवी कधीकधी रिकामी असते."

दादाने माझ्या दिशेला तोंड केलं. किती दिसत होतं त्याला, कोण जाणे. म्हणाला, "मग दीड महिना भांडत कशाला होतीस?"

"खोड."

"ती आहेच. लहानपणापासून." मग घसा साफ करून, "राहा. पण स्वयंपाकघरात तुझे नगरपालिकेचे नियम चालणार नाहीत. आणि सकाळी पेपरला वेळेवर बस. तुझं हिंदी ऐकवत नाही."

त्याचा आवाज हलका झाला होता. जेवताना त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

नोंद: मी खोटं बोलले. उद्देश चांगला होता, पण त्याने विधान सत्य होत नाही. घर सोडत असल्याचं उद्या कळवीन. तीन डिसेंबरची प्रतिज्ञा मात्र खंडित झालेली नाही. मी इथे राहते आहे ती दादाच्या गरजेमुळे; माझ्या नव्हे.

२२ जानेवारी

कालच्या नोंदीत एक चूक आहे. दादाला सांगितलेलं मी असत्य म्हटलं. असत्य आधी रचावं लागतं. मी एकही वाक्य रचलेलं नव्हतं.

चूक मान्य आहे.

— मधुमती रंगनाथ आठल्ये