तीस सेकंदांची समाजसेवा

३ ऑगस्ट, लौटोका
आजपासून जाहिराती बंद. चाळीस वर्षं फिजीला बिस्किटं, साबण आणि छपराचे पत्रे विकले. यापुढे कॅमेरा फक्त समाजासाठी. राजमतीला सांगितलं. ती म्हणाली, वर्षभरात एक जाहिरात आलेली नाही, मग बंद काय करणार? बायकोला नवऱ्याचा त्याग दिसत नाही.

५ ऑगस्ट
सेकोवे आला. एका बाकावरचा माझा मित्र, पुढे आमच्याच शाळेचा हेडमास्तर. साखरेच्या आजारानं त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता त्याच्या नातीला, दहा वर्षांच्या लिटियालाही साखर निघालीय. शाळेच्या कॅन्टीनमधला सोड्याचा फ्रीज हटवायचा म्हणतो. महिनाअखेरच्या शुक्रवारी पालकांचं मतदान. त्याआधी दाखवायला छोटी फिल्म हवी.
"माझा पाय दाखव, विजेन. मी दोन वाक्यं बोलतो. बस."
भला माणूस. पण त्याला हे माध्यम कळत नाही.

८ ऑगस्ट
पटकथा. खलनायक आधी मोहक वाटायला हवा, म्हणून सुरुवात बाटलीपासून. चौथीतली झऱ्याची कविता आठवली. सेकोवे आणि मी खिडकीशी उभं राहून म्हणायचो, बाहेरून उसाचे ट्रक जायचे, मास्तर डोळे मिटून ऐकायचे. तसा खळाळ बाटलीतून आला पाहिजे. गहिवरलो. आज एवढंच काम.

१४ ऑगस्ट
शूटिंग. बाटलीवर ग्लिसरीनचे थेंब, एकेक मी स्वतः ठेवला. मागून उन्हाची तिरीप. नारिंगी रंग असा पेटला की कॅमेऱ्यामागे मलाच तहान लागली. दिवस त्यातच गेला. सेकोवे व्हरांड्यात बसून होता. त्याचा पाय संध्याकाळी घेतला. शेवटचे दोन सेकंद, मंद उजेडात, किंचित धूसर. त्यानं पाहिलं आणि विचारलं, हा पाय आहे की पपई? मी म्हटलं, ही सूचकता. त्याची दोन्ही वाक्यं काढली. आवाज खरखरतो.

२१ ऑगस्ट
राजमतीला फिल्म दाखवली. संपताच उठून आत गेली. भावना अनावर झाल्या असाव्यात. परतली ती हातात नारिंगी ग्लास घेऊन. माणूस हादरला की घसा कोरडा पडतोच.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
सभा. हॉल गच्च, पंखे बंद. बाटली फसकन उघडली तसा हॉलभर एकच सुस्कारा. मागून कुणीतरी म्हणालं, पुन्हा लावा. लावली. तेवढ्यात कॅन्टीनसमोर रांग लागली. लिटियाही रांगेत होती. सेकोवेनं तिला हाताला धरून बाहेर ओढलं.
मतदान झालं. फ्रीज राहणार. शिवाय दुसरा येणार, कारण आज एक पुरला नाही.
सेकोवे लिटियाला घेऊन तडक घरी गेला. मतदान ही तांत्रिक बाब. फिल्म लोकांच्या काळजाला भिडली, हे महत्त्वाचं.

२ सप्टेंबर
सोडा कंपनीतून फोन. मॅनेजर पोरगेलासा, "अंकल, अंकल" करत होता. म्हणे, अशी बाटली त्यानं जन्मात पाहिली नाही. फिल्म टीव्हीवर दाखवायचीय, फक्त शेवटचे दोन सेकंद जास्त होतात.
विचार केला. अख्खी फिल्म एका शाळेनं पाहिली. अठ्ठावीस सेकंद सारा देश पाहील. चळवळीत लवचीकपणा लागतो. होकार दिला. राजमती म्हणाली, आधी सेकोवेला विचार. विचारणार आहे.

११ सप्टेंबर
विचारायचं राहून गेलं. काल रात्री बातम्यांनंतर फिल्म लागली. बाटली अप्रतिम.
आज सेकोवे दारात आला. खुर्ची पुढे केली, पण बसला नाही. कुबडीवर रेलून म्हणाला,
"डॉक्टरनं पाय कापला तेव्हा आधी मला विचारलं तरी होतं."
एवढंच बोलून वळला. फाटकापर्यंत गेला तेव्हा मी मागून ओरडून सांगितलं, पुढच्या फिल्ममध्ये पाय अगदी सुरुवातीलाच घेऊ.
त्यानं वळून पाहिलं नाही. ऐकू गेलं नसेल. साखरेनं कानही जातात म्हणे.