मेडिसिनच का?

३ जून, सोमवार

ताईच्या मुलाखतीच्या तयारीत आजही मीच परीक्षक! आईचा चष्मा लावून खुर्चीत बसायचं आणि ताईला दरडावून विचारायचं — 'डॉक्टर झालात, आता पुढे मेडिसिनच का? सर्जरी का नाही?'

ताईने घसा साफ केला. 'माझ्या धाकट्या भावाला आठवीत ताप यायला लागला. सांधे सुजायचे. शाळा सुटली. कापून बघण्यासारखं काहीच नव्हतं. आत काय चाललंय ते विचारून, तपासून, डोकं चालवूनच कळणार होतं. ते कुणालाच कळलं नाही. म्हणून मेडिसिन.'

मला फार बरं वाटलं. माझा कुणाला तरी उपयोग झाला!

ताई ज्या हॉस्पिटलात मुलाखत देणार आहे, तिथल्या मेडिसिनच्या मुख्य बाई न कळणारे आजार ओळखतात म्हणे. ताईची निवड झाली की सगळ्यात आधी मला बाईंना दाखवायचं — ठरलंय.

५ जून, बुधवार

ताप. डावा गुडघा टम्म.

६ जून, गुरुवार

ताईचं उत्तर ऐकून मुलाखतीच्या क्लासच्या सरांनी जांभई दिली. 'आजारी भाऊ सगळ्यांकडेच असतो हो. तुमच्या भावाचं पुढे काय झालं?'

'काही नाही. आहे घरी.'

'मग त्यात राहिलं काय?'

जेवताना ताई माझ्याकडे एकटक बघत होती. दुकानात कापड बघतात तशी.

८ जून, शनिवार

नवीन उत्तर. त्यात मी मरतो.

ताईचं अक्षर वाईट, म्हणून स्वच्छ प्रत मीच काढली. तिने 'मृत्यु' लिहिलं होतं. मी दीर्घ केलं.

आई आधी भडकली. 'अगं, जित्याजागत्या पोराला! जीभ तरी कशी वळली तुझी?' मग ताईने उत्तर म्हणून दाखवलं. शेवटी मी तिचा हात धरून म्हणतो — 'ताई, मला काय झालं होतं ते शोधून काढ.' आईला हुंदका आवरेना. माझ्या खऱ्या तापात ती कधी इतकी रडलेली नाही!

'मी असं कधीच बोलणार नाही,' मी म्हटलं.

'मेल्यावर तरी नीट बोल की रे!' ताई म्हणाली.

तिघंही हसलो. मी जरा उशिरा.

१० जून, सोमवार

निवड झाली! बाईंनी म्हणे चष्मा काढून डोळे टिपले. 'तुमचा भाऊ माझ्याकडे आला असता, तर कदाचित वाचला असता.' ताई हे पुन्हा पुन्हा सांगत होती, बाईंचा आवाज काढून.

मी विचारलं, 'मग मला कधी दाखवायचं?'

'कुणाला?'

'बाईंना.'

ताई म्हणाली, 'वेडा आहेस का? काय सांगू त्यांना — उठून आला?'

मी आईकडे पाहिलं. 'तिच्या पोटावर पाय देतोस का आता?' आई म्हणाली. 'इतकी वर्षं काढलीस, आणखी थोडी काढ.'

२७ जून, गुरुवार

आता उजवा गुडघाही. पायांना सूज. लघवी चहासारखी लाल! बाटलीत घेऊन ताईला दाखवली. तिने ती उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला.

'दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ,' म्हणाली. कधी, ते बोलली नाही. 'आणि आमच्याकडे फिरकायचं नाही. माझी शपथ आहे तुला.'

१ जुलै, सोमवार

ताई कामावर गेल्यावर मागोमाग एकटाच तिच्याच हॉस्पिटलात गेलो. खिडकीवर आडनाव आजोळचं सांगितलं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. बोट काढलं तरी खड्डा तसाच! 'मूत्रपिंडं चाललीत तुमची. इतके दिवस काय करत होतात? आजच भरती व्हा, उद्या बाई बघतील.'

बाई!

घरी कळवलेलं नाही.

२ जुलै, मंगळवार

बाई आल्या, मागे नव्या डॉक्टरांचा घोळका. ताई सगळ्यांच्या मागे, पांढरीफटक. बाईंनी नेमकं तिलाच पुढे बोलावलं. 'यांची सगळी माहिती विचारून लिहा. घरच्यांपासून सुरू करा.'

'घरी कोण कोण असतं?' ताईने कागदावरून नजर काढली नाही.

'आई.'

'भावंडं?'

'एक बहीण होती. वारली.'

'अरेरे! कधी?' हे बाईंनी विचारलं.

'मागच्याच महिन्यात. अचानक.'

ताईने लिहून घेतलं.