गार पाण्याखालचे पाय

मंगळवार, ४ मार्च

कॉफीच आहे. आजपासून बंद. आडवं झालं की पोटऱ्यांच्या आत, हाडाजवळ कुठेतरी, काहीतरी सरपटतं. दुखत नाही. पाय हलवावेच लागतात, एवढंच. उठून चाललं की थांबतं.

शुक्रवार, ७ मार्च

कॉफी निर्दोष! आता संशय सर्दीच्या गोळीवर. आणि कामावरच्या स्टुलावर. दिवसभर त्यावर बसून दुसऱ्यांचे दात घडवायचे. आज कवळीवर मेण चढवताना पाय असा उडाला की दाढ तिरकी बसली. शेजारचा कारागीर म्हणाला, "बाई, लाथ कुणाला मारायचीय, नाव सांगा!"

सोमवार, १० मार्च

गोळीही सोडली. शिंकते आहे. पाय तसेच.

नवऱ्याने उशी उचलली, बाहेरच्या खोलीत गेला. "तुझ्या लाथा खाऊन कंटाळलो." इथवर ठीक. मग दारातून वळून: "रोज रात्री गच्चीवर कुणाशी बोलतेस?"

चालते, म्हटलं.

"एवढं?"

बुधवार, १२ मार्च

माझा फोन पालथा ठेवलेला. मी पालथा ठेवत नाही.

गुरुवार, १३ मार्च

आई आली. त्यानेच बोलावलं — मला न विचारता! स्वयंपाकघरात दोघं कुजबुजत होते. मी शिरले तर विषय एकदम गॅसचा.

नंतर आई मला एकटीला म्हणाली, "बापासारखीच पायाला भिंगरी. जावई गरीब गाय आहे म्हणून. मी असते ना—"

तिने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. मी सातवीत असताना तिने बाबांना घराबाहेर काढलं. सगळे झोपले की ते बाहेर जायचे. कुणाकडे, ते तिने कधी शोधलं नाही. कुणाकडे तरी, एवढं तिला पुरलं. ते एका छापखान्यामागच्या खोलीत राहिले. तिथेच वारले.

आता ती माझ्याकडे तसंच बघते आहे.

शनिवार, १५ मार्च

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. लोह फार कमी. "हे एक कारण. गोळी, कॉफी, बसून राहणं, यांनी वाढतं. पण घरात आधी कुणाला होतं का?"

नाही, म्हटलं. अगदी खात्रीने.

रविवार, १६ मार्च

सकाळी नळाखाली पाय सोडून बसले होते. गार पाण्याने बरं वाटतं. मान वर केली तर दारात आई.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आतलं सरपटणं थांबतं."

ती भिंतीला टेकली. "तुझे बाबाही रात्री परत आले की असेच बसायचे. भर थंडीत. मला वाटायचं, त्या बाईच्या घरची धूळ धुतायत. विचारलं तर म्हणायचे, पाय झोपू देत नाहीत. — असलं कारण कोण ऐकून घेईल?"

तिच्यामागे नवरा उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. मग आत जाऊन त्याने टॉवेल आणून दिला.

सोमवार, १७ मार्च

आई निघाली. एक चप्पल घातली, दुसरी हातातच.

"म्हणजे ते नुसतेच चालत होते?"