सुईची तारीख

२४ ऑगस्ट, रविवार
महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या. देवघरातल्या वरच्या फळीवरून मुखवट्यांची पेटी काढली. सून मनीषाला त्यासाठी स्टूल लागतं, मी नुसत्या टाचा उचलल्या की पुरतं. "आत्याबाई, मला सांगायचं ना." कशाला सांगू? लग्न होऊन ताडकळसला आले, सासूबाईंनी पेटी हातात दिली, तेव्हापासून मीच काढते. चिंच लावून मुखवटे घासले. धाकट्या महालक्ष्मीची नथ सैल झाली आहे, दोरा बांधायचा.

२ सप्टेंबर, मंगळवार
महालक्ष्म्या उठल्या. घर ओकंबोकं. फुलोऱ्याच्या करंज्या वाटून टाकल्या.
दुपारी परभणीच्या दवाखान्यातून तिथल्या मुलीचा फोन. "आजी, आज तुमच्या इंजेक्शनची तारीख आहे." सहा महिने झाले, कळलंसुद्धा नाही. अडीच वर्षांपूर्वी अंगणात घसरून मनगट मोडलं, तेव्हा हाडं तपासली तर ठिसूळ निघाली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ही सुई. मार्चमध्ये पाचवी झाली, तपासणीही झाली. डॉ. खूश, हाडं सुधारली म्हणाले. सुधारली तर आता घाई कसली? मुलीला म्हटलं, पाहुणे जाऊ दे, भांडी जागेवर लागू दे, आठ दिवसांत येते.

११ सप्टेंबर, गुरुवार
आज जायचं म्हणून साडी काढून ठेवली होती. हे म्हणाले, "पित्रपाटात कुठं दवाखान्याला निघालीस? नवमीला मायचं पान हाय, ते होऊ दे." सासूबाईंच्या पानाला वडे लागतात आणि मनीषाचे तेलात फुटतात. राहिलं.
संध्याकाळी झरीहून नणंदेचा, कुशाक्काचा फोन. तिला सुईचं सांगितलं तर हसायला लागली. "मी त्या हाडाच्या गोळ्या वर्ष झालं सोडल्या. काय झालं मला? काहीच न्हाई." खरं आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, पण अजून डोक्यावर गवताचा भारा आणते.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. नऊ दिवस उंबऱ्याबाहेर नाही, पायात चप्पल नाही, दिव्याला तेल माझ्याच हातचं. मनीषा म्हणते, "दिवा मी बघते की, तुमी जाऊन या." तिला म्हटलं, तू आधी वडे बघ. (वात मात्र माझ्यापेक्षा चांगली वळते. तिला सांगणार नाही, इथं लिहून ठेवते.)
पाऊस थांबत नाही. सोयाबीन पाण्यात उभं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
उरलंसुरलं सोयाबीन काढायला घेतलं. रानात बायका मिळेनात. मनीषा शेतावर, मी चुलीपुढं.
भाकरी तव्यावर असताना दवाखान्यातल्या मुलीचा परत फोन. या वेळी आवाजाला धार होती. "आजी, फार उशीर करू नका. डॉक्टरांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय." अंगणवाडीत जन्म गेला माझा, पोलिओच्या डोसासाठी बायकांना असंच दटावत होते, आता मला कोणी दटावलं की राग येतो. म्हटलं, बाई, मला काही दुखत नाही, खुपत नाही. दिवाळी झाली की येते.

२९ ऑक्टोबर, बुधवार
लेक रेखा आणि जावई परत गेले. डबे रिकामे. आता कारण उरलं नाही. पुढच्या आठवड्यात नक्की, यांना तसं सांगून ठेवलं. "जाऊ की," म्हणाले. यांचं "जाऊ की" मला माहीत आहे, आणि यांना माझं "बघू".

५ नोव्हेंबर, बुधवार
काही केलं नाही. बादली उचलली नाही, घसरले नाही. गाईपुढं चार पेंड्या टाकायला वाकले आणि पाठीत कट्ट झालं. तिथंच शेणात बसले. मनीषानं काखेत हात घालून उठवलं. हे म्हणाले, चमक भरली, शेकलं की जाईल.
शेकलं. गेली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
यांनी कुशाक्काला बोलावून घेतलं. ती पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की चमक उतरते, हे इथं शेंबड्या पोराला माहीत. तरुणपणी तिच्या अंगणात लोक पालथे पडायला यायचे. मीही दोनदा उतरवून घेतली आहे आणि दोन्ही वेळा गुण आला, खोटं कशाला बोलू.
मनीषा म्हणाली, "आधी पाठीचा फोटो काढू." कोणी ऐकलं नाही. मीही नाही.
पालथी झोपले. कुशाक्कानं भिंतीला धरून टाचेनं तीनदा दाबलं. तिसऱ्या वेळी मी ओरडले. तिला वाटलं, उतरली.

८ नोव्हेंबर, शनिवार
कूस बदलता येत नाही. शिंक आली तर जीव जातो. पाणीसुद्धा मनीषा पाजते.
कुशाक्का झरीला गेली नाही. खाटेजवळ बसून आहे. "सरू, लय जोर न्हाई दिला गं मी." माहीत आहे मला. पण बोलायला छाती भरून श्वास घ्यावा लागतो आणि तो घेववत नाही, म्हणून मान हलवली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी करून परभणी. मागच्या सीटवर आडवी, प्रत्येक खड्डा मोजून दिला ड्रायव्हरनं. फोटो काढला, मग त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं.
तीन मणके दबून बसले.
डॉ. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं, मलाही उलट बोलता आलं असतं. मी एवढंच विचारलं, हाडं सुधारली होती ना? म्हणाले, "सुधारली होती ती सुईच्या जोरावर. तुमच्या नणंदेच्या गोळ्यांचं औषध हाडात मुरून राहतं, सोडल्यावरही काही काळ पुरतं. ही सुई साठत नाही. सहा महिने झाले की जोर ओसरतो, आणि तिनं थोपवून धरलेली झीज एकदम सुटते, आधीपेक्षा जोरात. पहिला फटका मणक्यांना." बंद करायचीच असेल तरी तिच्या मागं दुसरं औषध देऊन मग बंद करतात म्हणे. आपल्या मनानं नाही. हे मार्चमध्येही सांगितलं होतं त्यांनी. मला तेव्हा फक्त "सुधारली" ऐकू आलं.
मनीषानं पायाळूचं विचारलं. डॉ. म्हणाले, "मणके आधीच बसले असणार. एखादा त्या दाबानं गेला असेल. आता कोण सांगणार? पण पुन्हा कोणाला पाय लावू देऊ नका."
कुशाक्का बाहेर बाकावर बसली होती. दाबाचं तिला सांगायचं नाही, मनीषाला बजावलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
रक्ततपासणीत कॅल्शियम ठीक निघालं. सहावी सुई झाली. एवढ्याशा सुईसाठी एवढं रामायण. पाठीला पट्टा.
डॉ. म्हणाले, बसलेले मणके आता उठणार नाहीत. सुई आहे ती पुढच्यांसाठी. मी विचारलं, पुढचे वाचतील? "तारीख पाळा. वाचावेत. हमी देत नाही."
पुढची तारीख १८ मे. मनीषानं मोबाईलमध्ये घातली, यांच्याही मोबाईलमध्ये घातली. यांना तो उघडता येत नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. पट्टा आता दिवसाच. चालते, भाकरी करते, बसून.
वाणाचं ताट फळीवर, मुखवट्यांच्या पेटीशेजारी ठेवलेलं. नेहमीसारख्या टाचा उचलल्या. बोटं फळीच्या कडेला लागली, ताटापर्यंत गेली नाहीत. फळी कोणी वर सरकवलेली नाही. पुन्हा करून पाहिलं. मग दार लोटून घेतलं आणि रडले. पाठ दुखते म्हणून नाही. तीन मणके बसले हे दोन महिने ऐकत होते, आज ते दिसलं.
मग मनीषाला हाक मारली. तिनं स्टूल आणलं, ताट काढून दिलं. पेटीकडे मात्र दोघींनी पाहिलं. भादव्यात मी ती काढणार की नाही, एवढाच प्रश्न आहे आता माझ्यापुढं. बाकीचं चालतंय.

२२ फेब्रुवारी, रविवार
कुशाक्का आली. हुरडा आणला, कांदाही घरचा. बराच वेळ इकडचं तिकडचं. निघताना उंबऱ्यात थांबून विचारलं, "सरू, खरं सांग. माझ्या पायानं झालं का?"
"न्हाई. डाक्टर म्हणले, आधीच बसलेले."
अर्धं सांगितलं. ते अर्धं तरी खरं आहे.
म्हणाली, परवा शेजारचा एक जण चमक भरली म्हणून दारात आला, त्याला परत पाठवलं. पाय लावणं सोडलं तिनं. मी म्हटलं, मग आता तुझ्या गोळ्यांचं बघ. आपल्या मनानं सोडल्यास तू, विचारून तरी ये.
"मला काय झालंय?"
"मलाबी काय झालं नव्हतं."
पायात चपला सरकवून निघाली. जाईल असं वाटतं. आमच्याकडच्या बायकांचं काही सांगता येत नाही, माझ्यासकट.

१० मे, रविवार
येत्या रविवारपासून धोंड्याचा महिना. रेखाचा फोन, जावईबापूंना १८ तारखेचीच सुटी मिळते, धोंड्याचं जेवण त्या दिवशी करा. हे लगेच "या की" म्हणून मोकळे. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, त्या दिवशी परभणी आहे. "दोन-चार दिवसानं काय होतंय? जावायाला न्हाई म्हणायचं का?"
दोन-चार दिवसांनी काही होत नसेलही. पण भादव्यातसुद्धा मी आठच दिवस म्हटले होते. यांना तेवढंच बोलले. तेव्हा हे म्हणाले, "मी येतो संग."
जावई येऊ देत. पुरणाचे धोंडे मनीषा करील. फुटले तर फुटले.

१७ मे, रविवार
रेखा आणि जावई संध्याकाळीच आले. जावई चांगला माणूस आहे, ऐकल्यावर म्हणाला, "मामी, तुम्ही आधी जाऊन या. मी कुठं पळून चाललोय?" उगीच आठ दिवस त्याच्या नावावर घोर लावून घेतला.
कुशाक्काचा फोन. "उद्या जायलीस ना?" अधिकात दवाखाना नको असं म्हणेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तर म्हणते, मीबी येते परभणीला, मला तुझ्या डाक्टरला दाखवायचंय. जीव भांड्यात पडला, आणि तयार उत्तर वाया गेलं.
मुलानं, बाळूनं, देवघरातली फळी खाली घ्यायला हातोडी आणली होती. मनीषा माझ्याकडे बघत उभी. म्हटलं, राहू दे, भादव्यात बघू. फळीला थांबायला काही होत नाही.
साडी काढून ठेवली. जुने फोटो पिशवीत घातले. दुपारी पुरण वाटलंही नाही, नुसती बसले होते, तेव्हापासून पाठीत एक नवीन जागा दुखते आहे, जुन्या तिन्हींच्या वर. घरात अजून कोणाला बोलले नाही. उद्या डॉ.ना आधी तीच दाखवते.