देवमाशांचा रविवार

रखमाजी भावजी,

तुमच्या दादांचं नॉर्वेहून पत्र आलंय. दूधधंद्याचं शिकायला गेलेला माणूस पुढच्या रविवारी बंदरातून लहानशा बोटीनं देवमासे बघायला निघणार म्हणे. पोहता येत नाही, पण हौस दांडगी! पत्र पोचेपर्यंत तो रविवार होऊन आठ दिवस झालेत. त्यांना तार करायला संगमनेरला निघालेय.

आत्याबाईंना लेकाचं पत्र पुन्हा वाचून दाखवू नका. बोटीच्या तेवढ्या ओळी मी गाळल्या, नुसतं थंडीचं वाचलं. भाकरी टोपल्यात आहे.

आत्ताच आत्याबाईंनी माझ्या पिशवीत नारळ घातला. म्हणाल्या, "नदीवरनं जाताना परवरामाईला दे. वाचताना दोनदा आडखळलीस गं तू."

द्वारका