सतराव्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. तुझा खोकला आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेली वाफ घेतेस ना, की पाणी तापवून ते तसंच गार होऊ देतेस? (मी तुझीच भाची, मला माहीत आहे.) इकडे सर्व ठीक. सासूबाई ठणठणीत. तुझे जावई तर इतके ठणठणीत की चार दिवस माझ्याशी अबोला धरूनही त्यांची झोप मोडलेली नाही.

झालं असं. मी लोकांची मतं गोळा करणाऱ्या कचेरीत आहे, हे तुला ठाऊकच आहे. दारोदार जायचं, प्रश्न वाचायचा आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या पाच चौकटींपैकी एकीत खूण करायची. यंदाचा विषय होता, बायकांच्या नोकरीबद्दल पुरुषांना काय वाटतं. मावशी, शंभरातले एक्क्याण्णव पुरुष देवमाणूस निघाले! एका गृहस्थांनी 'घरकाम दोघांनी वाटून करावं' याला पूर्ण सहमती दिली आणि त्याच दमात, पाणी कोमट आहे म्हणून बायकोला पेला परत न्यायला लावला. मी खूण केली. पेल्यासाठी चौकट नसते.

शेवटी वीस फॉर्म कमी पडले, तेव्हा साहेब म्हणाले, घरापासून सुरुवात करा. त्यांनी स्वतःचाही भरला. (प्रश्न नववा, 'नोकरीचे निर्णय स्त्रीने स्वतः घ्यावेत'. पूर्ण सहमत, आणि खूण इतकी जोरात की कागद फाटला.) मी तुझ्या जावयांचा भरून घेतला. सतरावा प्रश्न होता, 'पत्नीला बढतीवर दुसऱ्या गावी जावं लागल्यास पतीने घर सांभाळावं.' पूर्ण सहमत.

महिन्याभराने बढती आली. तुझ्याच गावची शाखा, मी तिची प्रमुख, दोन वर्षं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या जिन्यांवर चपला झिजवल्यावर पहिल्यांदाच बसायला स्वतःचं टेबल. मी जवळजवळ पळतच घरी आले. जावई म्हणाले, "आणि घर?" घर म्हणजे कोण, तर एक ते आणि एक त्यांच्या आई. दोघांचेही हातपाय शाबूत आहेत. तेव्हा मी कचेरीतून तो फॉर्म आणला (आणायचा नसतो) आणि सासूबाईंसमोर सतरावा प्रश्न मोठ्यांदा वाचला. मुलाच्या खिशात सिगारेट सापडावी तसं त्यांनी पाहिलं.

"तू असं म्हणालास?"

"अगं आई, ते मत होतं."

"मग हे काय आहे?" मी विचारलं.

"हे घर आहे!"

दुसऱ्या दिवशी जावयांनी साहेबांना फोन केला, "माझी गोपनीय माहिती घरात उघड करण्यात आली." (ज्या माणसाला घरात साखर कुठे ठेवतात ते माहीत नाही, त्याला आमच्या कचेरीचा नियम तोंडपाठ!) साहेब रागावले नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाले, शुक्रवारपर्यंत पतीची लेखी संमती आणा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. मी त्यांना नवव्या प्रश्नाची आठवण करून दिली. ते चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसला. तो काही इतका मळलेला नव्हता.

अहवालही छापून आला आहे. पुरुषांची मानसिकता बदलली आहे, असा निष्कर्ष. तक्ते मीच काढले. बेरीज बरोबर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? सोळा प्रश्नांची उत्तरं जावयांनीच दिली. सतराव्याच्या वेळी त्यांना फोन आला, ते बोलत बोलत बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. अपुरा फॉर्म बाद होतो, म्हणून ती खूण मी केली. गंमत म्हणजे, इतकं भांडण झालं, पण 'हे मी म्हणालोच नव्हतो' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आपण असंच म्हणालो असणार, याची त्यांना खात्री होती. मलाही होती. संमतीपत्र शुक्रवारी दिलं. त्यावरची सही विचारू नकोस. सवय झाली आहे.

ता. क. दुसरा. बढतीचं फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "माडीवरची खोली तुझीच गं, दोन काय, दहा वर्षं राहा." त्यानंतर मी पाच वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. गुरुवारी दुपारी सव्वाबाराच्या गाडीने पोचते. दोन बॅगा आहेत आणि परतीचं तिकीट काढलेलं नाही. दार उघडायला खाली उतरावं लागतं, ते तुला जमेलच असं नाही. मी रस्त्यावर उभी राहून हाक मारीन. तू नुसती खिडकीतून किल्ली टाक.